नीलला मुक्काम करा: भरती-ओहोटी पाहून आखलेली अंदमानची सहल

अंदमानच्या ठरलेल्या सहलीत नील बेटाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार तास येतात. सकाळी शेजारच्या हॅवलॉक बेटाहून बोटीने यायचं, भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीतून एक चक्कर मारायची, नैसर्गिक पुलासमोर फोटो काढायचे, जेवायचं आणि दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठायचं. असे जाऊन आलेले बरेच जण सांगतात की नीलमध्ये बघण्यासारखं विशेष काही नाही. त्यांचा अनुभव खरा असतो, कारण पुलापाशी ते भर भरतीला पोहोचलेले असतात, नाहीतर भरतपूरला ऐन ओहोटीला.

या बेटाच्या चहूबाजूंनी प्रवाळाचे उथळ सपाट कातळ आहेत. पोर्ट ब्लेअरच्या बाजूला उधाणाच्या दिवसांतही पाणी दोनेक मीटरच चढतं-उतरतं, मुंबईपेक्षा बरंच कमी. पण तळ इतका सपाट की तेवढ्या फरकानेही समुद्र लांबवर आत जातो. जिथे सकाळी कमरेएवढं पाणी होतं तिथे दुपारी उघडा खडक दिसतो. त्यामुळे नीलला कधी काय बघायचं हे हॉटेलवाला किंवा सहल कंपनी ठरवू शकत नाही, ते भरती-ओहोटीच ठरवते. आम्ही, म्हणजे मी आणि आई-बाबा, पूर्ण सहल त्या हिशेबाने आखली. तुम्हीही तशीच आखावी असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधी

महिने डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो आणि बोटी ऐनवेळी रद्द होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरातही परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस आणि वादळं असतात. आम्ही जानेवारी निवडला.

मग तिथी पाहिली. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे तीन ते पाच दिवस मला नीलसाठी सगळ्यांत सोयीचे वाटतात. तेव्हा पहाटे-सकाळी ओहोटी असते, दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि संध्याकाळी पुन्हा ओहोटी. म्हणजे सकाळी खडकांवर फिरता येतं आणि दुपारी बोटी व पोहणं होतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही आणि पुलाजवळची डबकी नीट उघडी पडत नाहीत.

कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणतात. बाबा आयुष्यभर तोच हिशेब करत आले. तो नीलला चालत नाही. चतुर्थीला आपल्याकडे तीनला भरती यायला हवी, पण तिथे दोन तासांहून जास्त आधी आली. रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकते तेवढं मात्र तंतोतंत जुळतं. तेव्हा इंटरनेटवर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं ते पाहावं, आणि तारखा नक्की करून मगच विमानाची तिकिटं काढावीत.

भारतीयांना नीलला जायला वेगळा परवाना लागत नाही. मूळ ओळखपत्र मात्र जवळ हवं, कारण बोटीत चढताना ते तपासतात. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्यावेत. समुद्राखालची केबल 2020 मध्ये सुरू झाल्यापासून तिथलं इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, तरी नीलला नेटवर्क येतं-जातं, आणि फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहणं बरं नाही. औषधं घरूनच न्यावीत, बोट लागण्याची गोळी त्यात धरून. बेटावर लहानसं सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं.

पहिला दिवस: पोर्ट ब्लेअर

शहराचं नाव सप्टेंबर 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं आहे. रिक्षावाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात, तिकिटांवर दोन्हींतलं कुठलंही नाव दिसू शकतं. गोंधळू नका.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूमार्गे जावं लागतं. उतरलो त्याच दिवशी बोट पकडायचा हट्ट करू नये. विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही आणि पुढचं सगळंच कोलमडतं.

दुपारी सेल्युलर जेलमध्ये गेलो. मूळच्या सात बाजूंपैकी तीनच आता उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपाशी मराठी माणसांची रांग होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाबांनी चप्पल बाहेर काढली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. फक्त एवढंच की या जागेला पूर्ण दुपार द्या, बोटीच्या आधी तासभर उरला म्हणून जाऊ नका.

दुसरा दिवस: नीलकडे

नील पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला साधारण 37 किलोमीटरवर आहे. जायला दोन प्रकारच्या बोटी. खाजगी कॅटमरान हॅडो धक्क्यावरून सुटतात, वातानुकूलित असतात आणि सव्वा-दीड तासात पोहोचवतात. तिकीट माणशी हजार-दीड हजाराच्या पुढेच जातं. सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, दोन तासांच्या आसपास घेतात आणि फार स्वस्त असतात. पण त्यांची तिकिटं चटकन संपतात, स्थानिकांना त्यांचीच गरज असते. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं, खाजगी बोटीत बहुतेक वेळ काचेआड बसावं लागतं. आई-बाबांसोबत असल्यामुळे आम्ही जाताना खाजगी बोट घेतली. तिकिटं निघण्याच्या महिनाभर आधी ऑनलाइन काढावीत. डिसेंबरच्या सुट्टीत आठवडा आधीही मिळत नाहीत.

नीलची जेटी भरतपूरच्या किनाऱ्याला लागूनच आहे. बोटीतून उतरून धक्क्यावरून चालायला लागलं की दोन्ही बाजूंना पाण्याचा तळ दिसतो. खांबांभोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचे थवे होते. आई तिथेच थांबली आणि मागच्या लोकांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहिली.

जेटीबाहेर रिक्षा असतात. स्कूटर दिवसाला पाचशेच्या आसपास भाड्याने मिळते, सायकलीही मिळतात. रस्ते लहान आणि जवळपास सपाट आहेत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला स्कूटरवर वीस मिनिटांत जाता येतं. मी स्कूटर घेतली आणि आई-बाबांसाठी एक रिक्षावाले दादा दोन दिवसांसाठी ठरवले. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर हेच करा. संध्याकाळनंतर रिक्षा शोधत बसावं लागत नाही.

बेटावर पाच गावं आहेत: नील केंद्र, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर आणि सीतापूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या. त्यांनी जंगल साफ करून भात, नारळ, सुपारी, केळी आणि भाजीपाला पिकवला. आजही पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाणारी बरीच भाजी इथली असते. रस्त्याच्या कडेला भेंडी, वांगी, दुधीचे मांडव दिसत राहतात, आणि किनारा दोनशे पावलांवर आहे हे विसरायला होतं.

बेटाचं इंग्रजी नाव 1857 च्या उठावात अलाहाबाद-कानपूरकडे अमानुष सूड उगवणाऱ्या जेम्स नील या अधिकाऱ्याचं आहे. नेताजींनी 1943 मध्ये अंदमान-निकोबारला शहीद आणि स्वराज ही नावं दिली होती. त्यांना धरून डिसेंबर 2018 मध्ये नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. इतक्या शांत बेटाला त्या माणसाचं नाव दीडशे वर्षं चिकटून राहिलं होतं याचं मला वाईट वाटतं. बोलण्यात आणि तिकिटाच्या खिडकीवर अजून "नील"च चालतं, म्हणून मीही तेच लिहिते आहे.

संध्याकाळी लक्ष्मणपूर. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: सूर्य लवकर मावळतो. अंदमान आपल्या फार पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र एकच. जानेवारीत सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास होतो, म्हणजे मुंबईच्या तासभर आधी. साडेचारला किनाऱ्यावर असलं पाहिजे. साडेपाचला पोहोचलेल्यांना नुसता अंधार दिसतो. ओहोटी असल्यामुळे वाळूच्या पुढे मोठा खडकाळ पट्टा उघडा पडला होता. त्या वेळी इथे पोहता येत नाही, पण उत्तरेच्या टोकाकडे वाळूवरून लांबवर चालत जाता येतं. वाळूत बसायचं तर खाली चटई घ्या. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि ती खाज आठवडाभर टिकते. खोबरेल तेलाचा जाड थर पायाला लावून जावं, असं स्थानिकही सांगतात.

तिसरा दिवस: सकाळी पूल, दुपारी भरतपूर

साडेसहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी होती, म्हणून सहालाच लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचलो. नैसर्गिक पूल इथे आहे. समुद्राने प्रवाळी चुनखडक पोखरून केलेली ही कमान. बेटावरच्या बंगाली लोकांनी तिला हावडा ब्रिज म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं. पायऱ्या उतरून गेलं की पुढे पंधरा-वीस मिनिटं दगडधोंड्यांवरून चालावं लागतं. दगड टोकदार आणि ओले असतात. मागे पट्टा असलेले, पकड चांगली असलेले सँडल घाला. साध्या चपला घालून येऊ नका, अनवाणी तर मुळीच नाही. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. आईला गुडघ्याचा त्रास आहे. ती पायऱ्यांच्या तळाशी सावलीत बसली आणि तिथूनही तिला बरंच काही दिसलं.

इथे वाटाडे मिळतात. तो घ्याच. पुलाचा फोटो कुणीही काढेल, खरा खजिना पायाखालच्या डबक्यांत असतो आणि तो दाखवायला सवयीचा डोळा लागतो. आमच्याबरोबरचा मुलगा विशीतला होता. एका डबक्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आंकल, छाया मत डालिए, देखिए।" खडकाच्या खाचेत एक शिंपला रुतलेला होता, तळहाताएवढा. त्याच्या उघड्या ओठांवर निळ्या-जांभळ्या मखमलीसारखी नागमोडी कड, त्यावर हिरवे ठिपके. मुलाने पाण्याच्या वर नुसता हात धरला. सावली पडताच ती कड आत ओढली गेली आणि शिंपला हळूच मिटला. हात बाजूला घेतल्यावर मिनिटभराने पुन्हा उघडला. बाबा रत्नागिरीच्या समुद्रावर वाढले, पण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने काळ्या काकडीसारखा पडलेला समुद्रकाकडी हा जीव दाखवला, दगडाखालून वळवळत्या बाहूंचा तारामासा दाखवला, आणि काट्यांच्या गोळ्यासारखी सागरी साळिंदरं.

काही वाटाडे पर्यटकांना खूश करायला हे जीव हातात देतात. तुम्ही नको म्हणा. समुद्रकाकडी, मोठे शिंपले आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि उन्हात हाताळल्याने ते मरतात. 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, 2016 मध्ये पुन्हा तोच प्रकार झाला. जे सावरलं आहे त्यावर पाय देऊन चालणं मला बघवत नाही. वाळू किंवा नुसता खडक बघून पाऊल टाका.

साडेसातनंतर पाणी परत यायला लागतं. सुरुवातीला कळत नाही, मग पंधरा मिनिटांत मघाची डबकी एकमेकांना जोडली जातात. आम्ही आठच्या आत परतलो. दहा वाजता दिवसभराच्या सहलीवाल्यांच्या रिक्षा तिकडे निघालेल्या दिसल्या, तेव्हा तिथे पाणी चांगलंच चढलेलं असणार.

दुपारी बाराला भरतपूर. पूर्ण भरती असल्याने बोटी थेट प्रवाळांवरून जात होत्या. ओहोटीला याच बोटींना वळसा घ्यावा लागतो आणि पुष्कळदा तळाशी गढूळ पाणी दिसतं. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाची बोट उत्तम, आई-बाबांनी तीच घेतली. मी जीवरक्षक जाकीट घालून स्नॉर्केलिंग केलं. मुखवटा चेहऱ्यावर नीट बसतो का ते काठावरच तपासा, दाढी-मिशी असेल तर पाणी शिरतं. उन्हापासून बचावाला क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा बरा. पाठ जळत नाही आणि क्रीममधली रसायनंही पाण्यात उतरत नाहीत.

नीलभोवती समुद्री गवताची कुरणं आहेत आणि अंदमानचा राज्यप्राणी डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, त्यांवर चरतो. आम्हाला तो दिसला नाही, सहसा दिसतही नाही. दिसला तर बोटवाल्याला जवळ न्यायला सांगू नका.

पोहण्याबद्दल आणखी एक. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाड्यांच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये, किनाऱ्यावरच्या पाट्या वाचाव्यात आणि जीवरक्षक नाही म्हणाला तर ते ऐकावं.

त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास. नील केंद्राच्या बाजारात केळी, रताळी, शहाळी भरपूर मिळाली, साबुदाणा आम्ही घरून नेला होता आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात मावशींनी तो आनंदाने करू दिला. कॅलेंडरमध्ये पुण्याची चंद्रोदयाची वेळ पाहून आई निवांत होती. तिथे चंद्र तास-सव्वा तास आधीच वर आला! सूर्यासारखाच तोही तिथे लवकर उगवतो. उपास करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चौथा दिवस: सीतापूर आणि बाजार

सूर्योदयासाठी बेटाच्या पूर्व टोकाला सीतापूर. पावणेसहाच्या आधी पोहोचायला हवं, म्हणजे पाचला उठायचं. अंधारात रस्त्यावर गुरं बसलेली असतात, स्कूटर हळू चालवा. किनारा उघड्या समुद्राकडे तोंड करून आहे, लाटा जोरात येतात. इथे पाण्यात उतरू नये. पाणी उतरत असताना मात्र लाटांनी पोखरलेल्या कड्यांच्या खालून वाळूवर चालता येतं.

रामनगरचा किनारा शांत आहे. तिथे आम्ही फक्त बसलो.

दुपारभर बाजारात रमलो. एका खानावळीत भात, डाळ, माशाचं कालवण आणि बेटावरच्याच वांग्याचं भाजं असं ताट मिळालं. शाकाहारी माणसाची नीलला अजिबात आबाळ होत नाही. एक सूचना: जेवण आधी सांगून ठेवावं. लहान खानावळीत ऑर्डरनंतर रांधतात, तासभर लागतो. चालवणाऱ्या आजीबाईंनी आईला विचारलं, "इतने दिन नील में? सब तो चला जाता है।" मग दोघी हिंदीत भाज्यांच्या भावांवर बराच वेळ बोलत राहिल्या. मुक्काम केल्याशिवाय हे घडत नाही, आणि मुक्कामाचे पैसे अशाच घरांपर्यंत पोहोचतात.

प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका. बेटावर कचरा टाकायला जागाच नाही. हॉटेलात गाळलेलं पाणी मिळतं, आपली बाटली भरून घ्यावी.

पाचवा दिवस: परत

येताना सरकारी बोट मिळाली आणि आम्ही दोन्ही तास डेकवर काढले. उडणारे मासे बाबांनी आधी पाहिले.

परतीचं विमान त्याच दिवशीचं कधीही घेऊ नका. वारा उठला की बोटी रद्द होतात, आणि मग रिकाम्या जेटीवर बसण्याखेरीज काही करता येत नाही. मध्ये एक रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवा. स्कूबा केलं असेल तर ती रात्र तशीही लागतेच: पाण्याखाली गेल्यानंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. विमानतळावर सामान तपासतात, तेव्हा किनाऱ्यावरून उचललेला मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत नको. लहान मुलांचे खिसे हॉटेलातच बघून घ्या.